मोहोरावर झालेला सौदा: इव्हान लाँगोरियाचा सहाव्या दिवशीचा करार

१८ एप्रिल २००८ ची संध्याकाळ आपल्याकडे लक्षात राहिली ती ब्रेंडन मॅक्युलममुळे. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर आयपीएलचा पहिलावहिला सामना आणि त्यात कोलकात्याकडून त्याच्या नाबाद १५८ धावा. त्याच तारखेला तिकडे अमेरिकेत टँपा बे रेज या बेसबॉल संघाने इव्हान लाँगोरिया नावाच्या बावीस वर्षांच्या थर्ड बेसमनशी (तिसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाशी) करार केला. सहा वर्षं, १ कोटी ७५ लाख डॉलर. त्यापुढची आणखी तीन वर्षं त्याला ठेवायचं की सोडायचं, हे ठरवण्याचा हक्क संघाकडे. ती तिन्ही वर्षं धरली तर एकूण रक्कम ४ कोटी ४५ लाखांच्या घरात.

मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, हिशेबात हा आकडा काही डोळे दिपवणारा नव्हता. लोक चमकले ते दुसऱ्याच गोष्टीने. लाँगोरियाला मेजर लीगमध्ये येऊन तेव्हा सहा दिवस झाले होते.

कोकणात आंब्याला मोहोर आला की बाग कराराने घ्यायला व्यापारी येतात. फळ तयार होईपर्यंत बागायतदार थांबला तर भाव जास्त मिळेल, पण मध्ये तुडतुडे आहेत, अवकाळी पाऊस आहे, फळगळ आहे. मोहोरावर सौदा केला तर पैसे आज हातात आणि चिंता व्यापाऱ्याच्या गळ्यात. लाँगोरियाचा करार याच जातीचा. फक्त इथे झाड स्वतःच बोलणी करत होतं.

पुढे काय झालं हे ठाऊक असल्यामुळे या कराराबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, रेजने पोराला स्वस्तात गुंडाळलं. दोन, पोराने घाई केली. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. या सौद्याचा भाव लाँगोरियाच्या बॅटने ठरवलाच नव्हता. तो कॅलेंडरने आणि नियमपुस्तकाने ठरवला होता, आणि त्यातला सगळ्यात महागडा भाग म्हणजे शेवटची तीन वर्षं, ज्यांच्याकडे त्या दिवशी फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

दोन सहाध्यायी

लाँगोरिया लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी गावचा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला बेसबॉलची शिष्यवृत्ती देऊ केली नाही. वर्षभर तो रियो होंडो या साध्या कम्युनिटी कॉलेजात खेळला आणि तिथून लाँग बीच स्टेटमध्ये गेला. तिथे शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या, जागेवर ट्रॉय टुलोविट्स्की नावाचा धिप्पाड गडी आधीच उभा होता, म्हणून हा शेजारी थर्ड बेसवर सरकला. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, टुलोविट्स्की कोलोरॅडो रॉकीजकडे गेला. २००६ च्या ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटीने पहिल्या क्रमांकावर ल्यूक होचेव्हर हा पिचर (चेंडू टाकणारा) घेतला, दुसऱ्या क्रमांकावर कोलोरॅडोने ग्रेग रेनॉल्ड्स हा पिचर घेतला आणि तिसऱ्यावर रेजने लाँगोरियाला उचललं. सही करण्याचा बोनस ३० लाख डॉलर.

हे ३० लाख पुढे लागणार आहेत. एप्रिल २००८ मध्ये करारावर सही करणारा मुलगा कफल्लक नव्हता.

टुलोविट्स्की इथे आणला तो नुसत्या योगायोगासाठी नाही. २००७ हा त्याचा पहिला पूर्ण हंगाम. त्या वर्षी रॉकीज थेट वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, गेले आणि जानेवारी २००८ मध्ये त्यांनी त्याच्याशी सहा वर्षांचा ३ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. तीनच महिन्यांनी त्याच्या कॉलेजातल्या शेजाऱ्याने तेवढ्याच सहा वर्षांसाठी १ कोटी ७५ लाख घेतले. दोघांत फरक होता एका हंगामाचा. एकाने मोठ्या मैदानावर वर्षभर खेळून दाखवलं होतं, दुसऱ्याने सहा दिवस. एका हंगामाची किंमत बाजारात काय लागते, याचं इतकं उघडंवाघडं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मालक बदलला, हिशेब बदलला

रेज, म्हणजे आधीचे डेव्हिल रेज, १९९८ मध्ये लीगमध्ये आले. पहिल्या दहा हंगामांत दरवर्षी त्यांनी किमान नव्वद सामने गमावले. २००५ च्या हंगामानंतर स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांच्या हाती संघाची सूत्रं आली. ते वॉल स्ट्रीटवरचे. त्यांचे दोन तरुण शिलेदार, मॅथ्यू सिल्व्हरमन आणि अँड्र्यू फ्रीडमन, हेही तिकडूनच आलेले. या मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. न्यूयॉर्क यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स ज्या गटात आहेत, त्याच गटात आपल्याला वर्षानुवर्षं खेळायचं आहे. २००८ मध्ये यांकीजचा पगारखर्च सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर होता आणि रेजचा सुमारे ४ कोटी ४० लाख. खुल्या बाजारातून तयार खेळाडू विकत घ्यायची त्यांची ऐपतच नव्हती.

मग राहतो मोहोर. ही कल्पना काही त्यांची नव्हे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडमध्ये जॉन हार्ट यांनी सँडी आलोमार, कार्लोस बाएर्गा, चार्ल्स नॅगी यांसारख्या तरुणांना एकामागून एक लांब करारांत बांधलं आणि त्या पायावर १९९५ मध्ये वर्ल्ड सीरिज गाठली. पण हार्ट यांचे खेळाडू निदान थोडेफार मेजर लीगमध्ये खेळलेले होते. सहा दिवसांचं बाळ पाळण्यातून उचलून नऊ वर्षांचा कागद करणं, हे धाडस रेजचं.

धाडस म्हणायचं कारण असं की त्यांचे हात नुकतेच पोळले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांनी रोको बाल्डेली या देखण्या खेळाच्या आउटफिल्डरशी तीन वर्षांचा ९० लाख डॉलरचा करार केला होता, पुढच्या वर्षांचे पर्याय स्वतःच्या हाती ठेवून. नंतर बाल्डेलीला स्नायू लगेच थकवणाऱ्या एका आजाराने गाठलं आणि २००८ च्या वसंतात, म्हणजे लाँगोरियाच्या कराराच्या जेमतेम महिनाभर आधी, तो किती दिवस खेळू शकेल हेच सांगता येईना. त्यामुळे मोहोर जळतो म्हणजे काय हे रेजला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तरीही त्यांनी त्याच पद्धतीचा, त्याहून लांबचा करार पुढे केला. यावरून एवढंच दिसतं की बाल्डेलीच्या प्रकरणात जे पैसे गेले ते त्यांना परवडले होते. संघाने अशी दहा झाडं घेतली आणि त्यातली चार जळली, तरी उरलेली सहा भरपाई करून देतात. झाडाकडे मात्र एकच खोड असतं.

बारा दिवसांची गोष्ट

आता नियम. ते समजल्याशिवाय हा करार कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत रंजक वाटतात.

मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू पहिली सहा वर्षं त्याच संघाचा. दुसरीकडे जायची मुभा नाही. यातली पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल तो पगार, म्हणजे बहुधा किमान वेतन. २००८ मध्ये ते ३ लाख ९० हजार डॉलर होतं. त्यानंतरची वर्षं लवादाची. खेळाडू आपला आकडा मांडतो, संघ आपला, आणि लवाद त्या दोनपैकी एक निवडतो. मधला आकडा काढत नाही. सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, मग वाटेल तिथे जा, मिळेल तेवढं घे.

गंमत ‘वर्ष’ या शब्दात आहे. हंगाम साधारण १८३ दिवसांचा, पण १७२ दिवस संघात असलात की तुमचं एक वर्ष भरलं. १७१ दिवस असलात, म्हणजे बारा दिवस कमी पडले, तर भरलं नाही. म्हणजे एखाद्या होतकरू खेळाडूला हंगामाच्या सुरुवातीला दोनेक आठवडे मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावर) ठेवलं, की संघाला तो सहाऐवजी जवळपास सात वर्षं मिळतो. यासाठी संघाला एक पैसाही द्यावा लागत नाही.

मार्च २००८ मध्ये लाँगोरिया संघात येण्याच्या लायकीचा आहे, हे जवळपास सगळ्यांना मान्य होतं. रेजने त्याला डरॅमला, मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या ट्रिपल-ए संघात पाठवलं. कारण सांगितलं गेलं ते नेहमीचंच, अजून थोडं तयार व्हायला हवं. मग थर्ड बेसवर खेळणारा विली आयबार दुखापतीने बाहेर गेला आणि १२ एप्रिलला लाँगोरियाला बोलावणं आलं.

१२ एप्रिल ते २८ सप्टेंबर मोजून पाहा. एकशे सत्तर दिवस भरतात.

दोन दिवस कमी. आयबार आणखी दोन-तीन दिवस आधी जायबंदी झाला असता तर रेजने काय केलं असतं, हा प्रश्न मला अजून कुतूहलाचा वाटतो. संघ अशा हिशेबाची कबुली कधी देत नाहीत, त्यामुळे हेतूबद्दल बोलण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र कागदावर आहे. लाँगोरिया २०१३ च्या हंगामानंतर मोकळा होऊ शकत होता. आता तो २०१४ नंतर मोकळा होणार होता.

आणि सहा दिवसांनी जो कागद त्याच्यासमोर आला, तो या बदललेल्या तारखेवर बेतलेला होता.

कागदावरचे आकडे

करारातले वार्षिक पगार असे:

२००८: ५ लाख
२००९: ५ लाख ५० हजार
२०१०: ९ लाख ५० हजार
२०११: २० लाख
२०१२: ४५ लाख
२०१३: ६० लाख
२०१४ (संघाची मर्जी): ७५ लाख, नको असेल तर ३० लाख देऊन मोकळीक
२०१५ (संघाची मर्जी): १ कोटी १० लाख
२०१६ (संघाची मर्जी): १ कोटी १५ लाख

पहिल्या तीन वर्षांची बेरीज २० लाख. करार नसता तर या तीन वर्षांत किमान वेतनाने त्याला सुमारे १२ लाख मिळाले असते. म्हणजे ‘कोट्यवधींचा करार’ झालेल्या मुलाच्या हातात तीन वर्षांत जास्तीचे पडले ते सुमारे आठ लाख. (त्याच २००८ साली चेन्नईने धोनीला एका मोसमासाठी १५ लाख डॉलरला घेतलं होतं. तुलना बरोबर नाही हे मान्य, पण मांडल्याशिवाय राहवलं नाही.)

पुढची तीन अधिक एक, म्हणजे २०११ ते २०१४, ही लवादाची वर्षं. १७० दिवस भरल्यामुळे त्याला लवादाची पायरी एक वर्ष लवकर मिळाली असती, म्हणून ती चार. लवादात चांगल्या खेळाडूला काय मिळतं? त्याच वर्षी फेब्रुवारीत फिलाडेल्फियाचा रायन हॉवर्ड पहिल्यांदाच लवादात गेला आणि एका वर्षासाठी १ कोटी डॉलर जिंकून आला. हॉवर्ड मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगचा २००६ चा सर्वोत्तम खेळाडू होता, त्यामुळे ते टोकाचं उदाहरण. तरी लाँगोरियाने २०११ साठी जे २० लाख लिहून घेतले, त्याच्या पाचपट रक्कम पहिल्याच पायरीवर मिळू शकते हे तेव्हाही दिसत होतं.

पण खरा सौदा शेवटच्या दोन ओळींत आहे. २०१५ आणि २०१६ ही लाँगोरियाच्या स्वातंत्र्याची वर्षं होती. नियमाने त्यांवर रेजचा काहीच हक्क नव्हता. करारामुळे ती रेजच्या खिशात गेली, आणि तीही ठरलेल्या भावाने, आणि तीही ‘हवी असतील तर’ या अटीवर. लाँगोरिया २०१३ पर्यंत बिघडला तर संघ ३० लाख देऊन सुटणार. तो चमकला तर त्याला वयाच्या ३१ व्या वर्षापर्यंत ठेवून घेणार. बाजार चढला तर फायदा संघाचा, उतरला तर संघ बाहेर. खेळाडूकडे असा एकही दरवाजा नव्हता.

म्हणून मी म्हणतो की रेजने १ कोटी ७५ लाखांची हमी दिली हा या गोष्टीतला कमी महत्त्वाचा भाग. हमी ही किंमत होती. त्या किमतीला त्यांनी विकत घेतली ती पुढे निर्णय घेण्याची मोकळीक.

त्याच्या बाजूने

मग बावीस वर्षांच्या मुलाने हे का मान्य केलं? एजंट होता, खेळाडूंची बलाढ्य संघटना होती. संघटनेला असे करार आवडत नाहीत, कारण एकाने स्वस्तात सही केली की लवादात पुढच्या दहा जणांचा भाव त्याच्याशी तोलला जातो.

गरिबी हे कारण नव्हतं. ३० लाखांचा बोनस दोन वर्षांपूर्वीच मिळालेला. पुढे २०१९ मध्ये अटलांटाने ऑझी आल्बीसशी सात वर्षांचा साडेतीन कोटींचा करार केला, तेव्हा तो पोरगा कुरासाओहून साडेतीन लाखांच्या बोनसवर आलेला होता. त्याचं सही करणं पटकन समजतं. लाँगोरियाचं तसं नाही.

मला वाटतं, उत्तर शाळा संपल्यानंतरच्या त्या वर्षात आहे. ज्याला अठराव्या वर्षी कुणीही विचारलं नव्हतं, त्याला ‘तू पुढे मोठा होशीलच’ या वाक्यावर किती विश्वास बसावा? हा माझा अंदाज, त्याचं म्हणणं नव्हे. पण अंदाज सोडला तरी गणित असं आहे: पहिल्या ३० लाखांनी आयुष्य बदलतं, पुढच्या दीड कोटीने ते सुरक्षित होतं, आणि त्यापुढच्या चार-पाच कोटींनी जगण्यात तितका मोठा फरक पडत नाही. संघाच्या वहीत मात्र प्रत्येक डॉलर सारखाच असतो. मनगटाचं एक हाड मोडण्याची भीती असलेला माणूस आणि पंचवीस माणसांवर जोखीम वाटून टाकलेली कंपनी एका टेबलावर बसतात, तेव्हा माणूस विमा घेतो आणि हप्ता कंपनीला भरतो. यात फसवणूक नाही. पण हा हप्ता इतका जड का झाला, याचं उत्तर नियमपुस्तकात आहे. पहिली तीन वर्षं त्याला किमान वेतनावर राबवण्याची मुभा संघाला नसती, तर सुरक्षिततेसाठी त्याला २०१५ आणि २०१६ गहाण टाकावी लागली नसती.

मनगटाचं हाड मी उगीच लिहिलं नाही. ऑगस्ट २००८ मध्ये, करारानंतर चारच महिन्यांनी, पिचरने टाकलेला एक चेंडू येऊन लाँगोरियाच्या उजव्या मनगटावर आदळला आणि हाडाला चीर गेली. तो महिनाभर बाहेर बसला.

फळ

मनगट सावरलं आणि पुढचं सगळं रेजच्या पथ्यावर पडलं. त्या हंगामात लाँगोरियाने १२२ सामन्यांत २७ होम रन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून तो एकमताने निवडला गेला. दहा वर्षं तळाशी लोळणाऱ्या संघाने ९७ सामने जिंकले. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध पहिल्या दोन्ही वेळा बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा त्याने होम रन मारले. वर्ल्ड सीरिजमध्ये मात्र वीस प्रयत्नांत एकच हिट, आणि फिलाडेल्फियाने ती ४-१ अशी जिंकली.

२००९ मध्ये ३३ होम रन आणि ११३ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या धावा. २०११ मध्ये, हंगामाच्या अगदी शेवटच्या रात्री, २८ सप्टेंबरला, यांकीजविरुद्ध ०-७ असे पिछाडीवर असलेल्या रेजने बरोबरी साधली आणि बाराव्या इनिंगमध्ये लाँगोरियाने डावीकडच्या बुटक्या भिंतीवरून चेंडू काढून संघाला प्लेऑफमध्ये नेलं. त्या वर्षी त्याचा पगार होता २० लाख डॉलर. समोरच्या यांकीजच्या थर्ड बेसमनचा, अॅलेक्स रॉड्रिगेझचा, त्याच्या दहापटीहून जास्त.

अशा पगाराच्या बळावरच रेज २००८, २०१०, २०११ आणि २०१३ अशा चार वर्षी प्लेऑफमध्ये पोहोचले. ज्यांना ते बांधू शकले नाहीत, ते गेले. कार्ल क्रॉफर्ड २०१० च्या अखेरीस बॉस्टनकडे, सात वर्षांसाठी १४ कोटी २० लाख डॉलर घेऊन. बी. जे. अप्टन दोन वर्षांनी अटलांटाकडे, पाच वर्षं आणि साडेसात कोटी. दोघांचेही नवे करार त्यांच्या नव्या संघांना चांगलेच महागात पडले, हा भाग वेगळा.

तुलनेला आणखी एक नाव घेतो. वॉशिंग्टनचा रायन झिमरमन, हाही थर्ड बेसमन, लाँगोरियाच्या एक वर्ष आधी ड्राफ्टमध्ये चौथा. त्याने सुरुवातीची तीन-साडेतीन वर्षं स्वस्तात काढली आणि एप्रिल २००९ मध्ये पाच वर्षांचे साडेचार कोटी घेतले. २००९ ते २०१३ या त्याच पाच वर्षांत लाँगोरियाला मिळाले १ कोटी ४० लाख. झिमरमन सेवाकाळात दोन-अडीच वर्षांनी पुढे होता, म्हणून हा फरक सगळाच्या सगळा घाईचा नाही. पण निम्म्याहून जास्त तरी असावा.

२०१२: दुसरी सही

या प्रकरणातला जो भाग सांगताना बहुतेक जण गाळतात तो हा. २०१२ मध्ये मांडीच्या स्नायूने लाँगोरियाला छळलं. तो फक्त ७४ सामने खेळला. आणि त्याच वर्षी, २६ नोव्हेंबरला, रेजने त्याच्याशी नवा करार केला. जुन्या करारातली २०१३ ते २०१६ ही चार वर्षं ३ कोटी ६० लाखांना पक्की, आणि त्यापुढे २०१७ ते २०२२ साठी १० कोटी डॉलर.

म्हणजे ज्याला लुटलं म्हणतात तो माणूस, सगळे हिशेब उघड झाल्यावर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच संघाकडे पुन्हा गेला आणि जुन्या कराराचा एकही आकडा न बदलता पुढे जोडून घेतला. पहिल्या कराराने त्याचं नुकसान किती झालं हे मोजताना हे १० कोटीही त्याच पानावर लिहावे लागतात. वयाच्या ३१ ते ३६ या वर्षांसाठी, अर्धा हंगाम बाहेर बसलेल्या खेळाडूला एवढी हमी मिळणं ही लहान गोष्ट नव्हती. या वेळी जोखीम संघाने उचलली. काही वर्षांत ती दिसूही लागली. २०१४ आणि २०१५ मध्ये त्याचे होम रन २२ आणि २१ वर आले. २०१६ मध्ये ३६ मारून त्याने सगळ्यांना पुन्हा चकित केलं, पण २०१७ मध्ये आकडा परत २० वर.

माझ्या लेखी रेजची खरी हुशारी २००८ ची, आणि लाँगोरियाची २०१२ ची.

ज्यांनी कित्ता गिरवला

डिसेंबर २०११ मध्ये रेजने हाच साचा मॅट मूर या डावखुऱ्या पिचरसाठी वापरला. पाच वर्षं, १ कोटी ४० लाख, वर तीन वर्षांचे पर्याय. मूरच्या खात्यात तेव्हा नियमित हंगामातले तीन सामने होते. २०१३ मध्ये त्याने १७ सामने जिंकले आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याचं कोपर गेलं. शस्त्रक्रिया झाली, पण तो मूर परत आला नाही. पिचरचा मोहोर फार हळवा.

ह्यूस्टनने २०१४ मध्ये आणखी एक पायरी ओलांडली. जॉन सिंगलटनशी पाच वर्षांचा १ कोटीचा करार केला आणि मगच त्याला मेजर लीगमध्ये आणलं. त्या वर्षी त्याची बॅटिंग सरासरी .१६८, म्हणजे अगदीच सुमार, राहिली. खेळाडू संघटनेच्या कळपातले लोक करार झाला त्या दिवशी त्याच्यावर तुटून पडले होते, इतक्या स्वस्तात का गेलास म्हणून. दोन वर्षांत ते गप्प झाले. सिंगलटनच्या हातात त्याच्या खेळाने कधीच मिळवले नसते इतके पैसे होते. त्याच ह्यूस्टनचा जॉर्ज स्प्रिंगर मात्र सात वर्षांच्या २ कोटी ३० लाखांना नाही म्हणाला, एप्रिल २०१४ पर्यंत मायनर लीगमध्ये बसला आणि जानेवारी २०२१ मध्ये टोरॉन्टोकडून सहा वर्षांचे १५ कोटी घेऊन गेला.

पुढे भाव चढत गेले. अटलांटाने २०१९ मध्ये रोनाल्ड आकुन्याला आठ वर्षांचे १० कोटी दिले. डिसेंबर २०२३ मध्ये मिलवॉकीने जॅकसन चुरियोला, मेजर लीगमध्ये एकही चेंडू न खेळलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला, आठ वर्षांचे ८ कोटी २० लाख दिले. नियमही थोडा हलला. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२२ च्या सामूहिक करारानुसार नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाचा सेवाकाळ मिळतो, मग त्याला संघाने कितीही दिवस खाली ठेवलेलं असो. २००८ मध्ये हा नियम असता तर लाँगोरियाचे ते दोन दिवस भरून निघाले असते.

दोन दिवस

त्या दोन दिवसांचा हिशेब शेवटी एकदा पुन्हा आला. मेजर लीगमध्ये एक नियम आहे. ज्याची लीगमध्ये दहा वर्षं भरली आणि त्यातली सलग शेवटची पाच एकाच संघात गेली, त्याला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. २०१७ चा हंगाम संपला तेव्हा लाँगोरिया रेजकडून दहा हंगाम खेळला होता. संघाच्या इतिहासात सर्वाधिक सामने त्याचे, सर्वाधिक होम रन त्याचे. पण त्याचा सेवाकाळ भरत होता नऊ वर्षं आणि १७० दिवस. दहावं वर्ष पूर्ण होणार होतं २०१८ च्या हंगामाच्या अगदी सुरुवातीला.

२० डिसेंबर २०१७ ला रेजने त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडलं आणि बदल्यात चार खेळाडू घेतले. त्याला विचारायची गरज नव्हती.